टीएलएस १.३ नाकारणारा अपाची : सोर्सपासून बांधलेल्या एका वेब सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका शिक्षण संस्थेचे ऑनलाइन प्रवेशाचे संकेतस्थळ सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर चालत होते. प्रणालीसोबत आलेला अपाची २.४.६ हा वेब सर्व्हर आणि ओपनएसएसएल १.०.२के हे कूटलेखनाचे ग्रंथालय (सॉफ्टवेअर लायब्ररी) अशी तेथील जोडी होती, आणि अर्ज भरून घेणारे मूळ ॲप्लिकेशन पीएचपी ५.४ वर लिहिलेले होते. २०२४ च्या सुरुवातीस झालेल्या सुरक्षा लेखापरीक्षणात दोन आक्षेप नोंदवले गेले. अपाचीची आवृत्ती जुनी आहे, हा पहिला. आणि ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती संकेतस्थळ स्वीकारत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पत्राने देता येण्यासारखे होते, कारण रेड हॅट आणि तिच्यामागोमाग सेंटओएस सुरक्षाविषयक दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच बसवून देत असत आणि आवृत्तीचा आकडा तसाच ठेवत असत; नुसता आकडा वाचणाऱ्या तपासणी-साधनाला ते कळत नाही. दुसऱ्या आक्षेपाला मात्र पत्र पुरेसे नव्हते. टीएलएस १.३ साठी ओपनएसएसएल किमान १.१.१ आणि अपाची किमान २.४.३७ लागतो, आणि यांपैकी काहीही त्या प्रणालीच्या मूळ पॅकेजांत नव्हते.

सेंटओएस ७ चा आधारकाळ ३० जून २०२४ रोजी संपणार होता, त्यामुळे नव्या प्रणालीवर जाणे हाच खरा उपाय होता आणि तसे संस्थेला स्पष्टपणे सांगण्यात आले. परंतु पीएचपी ५.४ वरील ॲप्लिकेशन नव्या पीएचपीवर आणण्यास काही महिने लागणार होते आणि प्रवेशाचा हंगाम त्याआधीच सुरू होणार होता. तेवढ्या काळासाठी अपाची २.४.५८ आणि ओपनएसएसएल ३.० सोर्सपासून, म्हणजे मूळ संहितेपासून, कंपाइल करून पुढे उभा करावा आणि जुना अपाची त्याच यंत्रावर त्याच्यामागे ठेवावा, असे ठरले. ओपनएसएसएल १.१.१ चा विचार झाला होता. परंतु त्या मालिकेचा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजीच संपलेला असल्याने आज नवे बांधताना ती निवडणे योग्य नव्हते.

आम्हाला बोलावण्यात आले तेव्हा संस्थेच्या संगणक विभागाने बांधणी पूर्ण केलेली होती, सर्व्हर सुरूही होत होता, आणि तरीही टीएलएस १.३ मिळत नव्हते. प्रकरणाचा गाभा तेथे आहे. परंतु त्याआधीच्या टप्प्यांवर विभागाने ज्या त्रुटी पार केल्या होत्या, त्यांतच पुढच्या अडचणीची खूण होती, म्हणून त्या आधी पाहू.

बांधणीतील त्रुटी

ओपनएसएसएल ३.० ची कॉन्फिगर, म्हणजे बांधणीपूर्वी यंत्र तपासणारी, स्क्रिप्ट पर्लमध्ये लिहिलेली आहे आणि तिला आयपीसी-कमांड हे पर्लचे मॉड्यूल लागते. सेंटओएस ७ च्या किमान स्थापनेत ते नसते, त्यामुळे स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर थांबली. संदेशात मॉड्यूलचे नाव स्वच्छ दिलेले होते, ते पॅकेज यम या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवले आणि काम पुढे गेले. पीसीआरई या ग्रंथालयाच्या हेडर फाइल्स (ग्रंथालयात काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइल्स) नसल्याची तक्रारही अशीच सरळ होती.

एक्सपॅटची गोष्ट वेगळी. अपाची २.४ च्या सोर्समध्ये एपीआर आणि एपीआर-युटिल ही दोन आधारभूत ग्रंथालये येत नाहीत. ती वेगळी उतरवून, नावातील आवृत्तीचा आकडा काढून, एसआरसी-लिब या फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. एपीआर-युटिलच्या १.६ मालिकेपासून त्यातील एक्सपॅट हे एक्सएमएल वाचणारे ग्रंथालयही वगळण्यात आले आहे, आणि त्याच्या हेडर फाइल्स यंत्रावर नसतील तर कॉन्फिगर न थांबता पुढे जाते. थांबते ते मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी करणारी आज्ञा. विभागाने मेक एकाच वेळी अनेक कामे करत चालवला असल्यामुळे पडद्यावर शेवटी उरल्या होत्या त्या ‘ऑल-रिकर्सिव्ह, एरर १’ अशा एकाखाली एक आलेल्या ओळी, आणि त्यांतून काहीच समजत नाही. मेकची प्रत्येक वरची पातळी आपल्या खालच्या पातळीचे अपयश फक्त पुन्हा उच्चारत असते. खरे वाक्य बरेच वर, इतर फाइल्सच्या ओळींत मिसळून गेलेले होते : एपीआर-एक्सएमएलच्या सोर्स फाइलमध्ये ‘एक्सपॅट डॉट एच’ सापडली नाही. अशा वेळी मेक एका वेळी एकच काम करेल असा पुन्हा चालवावा, म्हणजे पहिली त्रुटी शेवटच्या ओळींच्या लगेच वर येऊन थांबते.

विभागाने एक्सपॅटचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवले आणि त्याच फोल्डरमध्ये मेक पुन्हा सुरू केला. आता कंपाइल झाले, परंतु लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे ग्रंथालयांशी जोडताना, एपीआर-युटिलच्या ग्रंथालयात ‘एक्सएमएल गेट एरर कोड’ आणि त्याच्या जोडीच्या फंक्शनांचे संदर्भ सापडत नाहीत, अशी तक्रार आली. पॅकेज तर बसवलेले आहे, मग हे काय, असा प्रश्न तेव्हा कोणालाही पडेल. कॉन्फिगर ज्या क्षणी चालते त्या क्षणीचे यंत्र ते पाहते, आणि जे दिसले ते मेकफाइल्समध्ये लिहून ठेवते. एक्सपॅट नाही, हे एकदा लिहिले गेले होते. नंतर एक्सपॅट आले, पण लिहिलेले बदलले नाही. हेडर फाइल कंपायलरला आपोआप सापडली, मात्र लिंक करताना एक्सपॅटचे ग्रंथालय जोडावे अशी सूचना मेकफाइलमध्ये नव्हतीच. सोर्सचे फोल्डर पुसून, सोर्सचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) नव्याने उलगडून, कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात केल्यावर ही त्रुटी गेली. मेक क्लीनने ऑब्जेक्ट फाइल्स जातात, कॉन्फिगरचे निष्कर्ष जात नाहीत, हा फरक येथे निर्णायक ठरतो.

बांधणी यशस्वी, तरीही नकार

यानंतर मेक आणि मेक इन्स्टॉल विनातक्रार पार पडले. विभागाने एसएसएलच्या (टीएलएसचे हे जुने नाव) मांडणीत टीएलएस १.२ आणि १.३ ही दोन प्रोटोकॉलची नावे लिहिली आणि अपाचीची वाक्यरचना-तपासणी चालवली. उत्तर आले : एसएसएल-प्रोटोकॉलच्या ओळीवर ‘इल्लीगल प्रोटोकॉल टीएलएसव्ही१.३’. त्या ओळीतून १.३ चे नाव काढले की सर्व्हर निमूट सुरू होत होता. स्वाभाविकपणे सारा संशय मांडणीच्या फाइलवर गेला. शब्दाचे स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरे, अधिकचिन्ह, ओळीचे स्थान, प्रमाणपत्राचा प्रकार हे सर्व तपासून झाले होते, आणि ते सर्व बरोबर होते.

अपाची २.४.५८ ला टीएलएस १.३ माहीत नाही असे होऊ शकत नाही. मात्र एसएसएलचे मॉड्यूल स्वतः हा प्रोटोकॉल राबवत नाही. ते काम ओपनएसएसएलचे आहे, आणि मॉड्यूल कंपाइल करताना ज्या ओपनएसएसएलच्या हेडर फाइल्स मिळाल्या त्यांत १.३ ची व्याख्या नसेल, तर तो शब्द ओळखण्याचा भागच मॉड्यूलमध्ये येत नाही. म्हणजे फाइलमधला शब्द बरोबर असूनही तो नाकारला जात असेल, तर मॉड्यूल कोणत्या ओपनएसएसएलपासून बनले, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

विभागाचे उत्तर तयार होते. नवे ओपनएसएसएल ऑप्ट या फोल्डरखाली बसवले आहे, त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे ठेवला आहे, आणि आवृत्ती विचारली की ३.० असेच उत्तर येते. ते उत्तर खरे होते, परंतु ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. पाथ हा आज्ञा शोधण्यासाठी आहे. हेडर फाइल्स कंपायलर शोधतो, ग्रंथालये लिंकर शोधतो, आणि दोघांना काय वापरावे हे कॉन्फिगर बहुधा पीकेजी-कॉन्फिग या साधनाला विचारून ठरवते. त्या यंत्रावर प्रणालीच्या ओपनएसएसएलचे डेव्हलपमेंट पॅकेजही पूर्वीपासून होते आणि पीकेजी-कॉन्फिगने तेच पुढे केले. कॉन्फिगरला एसएसएल सुरू ठेव एवढेच सांगितलेले होते, ते कोठून घे हे सांगितलेले नव्हते. एका परीने त्या डेव्हलपमेंट पॅकेजनेच घात केला : ते नसते तर कॉन्फिगर तेथेच थांबले असते, एसएसएल मागितले आहे पण त्याच्या पूर्वअटी पूर्ण होत नाहीत असे म्हणाले असते, आणि शोध योग्य ठिकाणी सुरू झाला असता.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून दोन ठिकाणी पाहिले. पहिले कॉन्फिग डॉट लॉग. कॉन्फिगर पडद्यावर एका ओळीत ‘यस’ म्हणते तेथे या फाइलमध्ये संपूर्ण आज्ञा, तिला दिलेले पर्याय आणि मिळालेले उत्तर लिहिलेले असते. ओपनएसएसएलच्या तपासणीपाशी ऑप्टचा उल्लेखही नव्हता. दुसरे, अधिक ठोस ठिकाण म्हणजे तयार झालेले मॉड्यूल. एलडीडी ही आज्ञा एसएसएलच्या मॉड्यूलवर चालवली तेव्हा त्याचे अवलंबित्व ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १०’ असे दिसले. सेंटओएस ७ च्या १.०.२ मालिकेच्या ग्रंथालयाचे हेच नाव आहे, ३.० चे नाव ‘डॉट एसओ डॉट ३’ असे असते. तो १० चा आकडा दिसल्यावर मांडणीच्या फाइलला हात लावण्याचे कारण उरले नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. विभागाने प्रोटोकॉलची नावे एकेक करून लिहिली म्हणून ही त्रुटी दिसली. तेथे ‘ऑल’ लिहिले असते तर मॉड्यूलने आपल्याला जमणारे सर्व प्रोटोकॉल निमूटपणे घेतले असते, सर्व्हर एकाही तक्रारीशिवाय सुरू झाला असता, आणि पुढचे लेखापरीक्षण पुन्हा त्याच आक्षेपावर अडले असते. जे हवेच आहे ते नावाने मागावे, हा आग्रह सुरक्षेच्या मांडणीत किती मोलाचा आहे, हे या ओळीने दाखवून दिले.

दुरुस्ती आणि तिच्यामागून आलेली त्रुटी

ओपनएसएसएल ३.० चौसष्ट-बिट लिनक्सवर आपली ग्रंथालये लिब६४ या फोल्डरमध्ये ठेवते. बांधणीच्या सर्व साधनांना ती एकाच ठरावीक जागी मिळावीत म्हणून ओपनएसएसएल पुन्हा बांधताना ग्रंथालयांचा फोल्डर ‘लिब’ असा स्पष्ट दिला. त्यानंतर अपाचीचे सोर्स नव्या फोल्डरमध्ये उलगडून, ओपनएसएसएलचा पूर्ण मार्ग सांगून कॉन्फिगर केले. या वेळी एलडीडीमध्ये ‘डॉट एसओ डॉट ३’ आले, परंतु त्यापुढे ‘नॉट फाउंड’ असे लिहिलेले होते, आणि अपाची सुरू करताना मॉड्यूल लोड होत नाही अशी त्रुटी आली. दिसायला ही पीछेहाट होती. प्रत्यक्षात मॉड्यूल आता योग्य ग्रंथालय मागत होते आणि ते कोठे आहे एवढेच लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना ग्रंथालये शोधणाऱ्या भागाला, ठाऊक नव्हते.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. ऑप्टमधील मार्ग एलडीकॉन्फिगच्या यादीत घातला तर तो साऱ्या प्रणालीला लागू होतो. ग्रंथालयांची नावे वेगळी असल्याने लगेच काही बिघडत नाही, पण एका सर्व्हरच्या गरजेसाठी संपूर्ण यंत्राचा शोधक्रम बदलणे आम्हाला पटत नाही. दुसरा उपाय अपाचीच्या बिन फोल्डरमधील एन्व्हव्हार्स या फाइलमध्ये ग्रंथालयाचा मार्ग लिहिण्याचा. तो फसवा आहे. ती फाइल अपाची हाताने सुरू करणारी अपाचीसीटीएल ही आज्ञा वाचते. सेवा सुरू-बंद करणारा सिस्टमडी एचटीटीपीडीला, म्हणजे अपाचीच्या मूळ प्रोग्रामला, थेट सुरू करत असेल तर ती वाचलीच जात नाही. हाताने सुरू केलेला सर्व्हर चालतो आणि यंत्र रीबूट झाल्यावर तोच बंद पडलेला आढळतो, तेही बहुधा रात्री. तिसरा उपाय लिंक करतानाच आरपाथ देण्याचा, म्हणजे ग्रंथालयाचा मार्ग त्या फाइलमध्येच कोरून ठेवण्याचा. आम्ही तो निवडला, आणि ओपनएसएसएलच्या स्वतःच्या आज्ञेलाही तसाच आरपाथ दिला. कॉन्फिगर पुन्हा चालवावे लागले, परंतु आधीची पूर्ण आज्ञा कॉन्फिग डॉट नाइस या फाइलमध्ये साठवलेली असते, तीत लिंकरचा पर्याय तेवढा वाढवला.

टीएलएस १.३ ची चाचणी घेताना पुन्हा जुन्या-नव्याचा घोळ समोर आला. विभागातील एका सहकाऱ्यांनी ओपनएसएसएलची एस-क्लायंट ही जोडणी तपासणारी आज्ञा १.३ चा पर्याय देऊन चालवली तेव्हा पर्यायच ओळखला गेला नाही, कारण त्यांच्या लॉगिनमध्ये पाथ बदललेला नव्हता आणि चाचणी करणारे ओपनएसएसएल १.०.२ होते. सर्व्हर निर्दोष होता, मोजपट्टी जुनी होती. ऑप्टमधील ओपनएसएसएलचा पूर्ण मार्ग लिहून तीच चाचणी घेतली तेव्हा हस्तांदोलन, म्हणजे जोडणीची सुरुवातीची बोलणी, १.३ वर झाले.

सेवा म्हणून उभे करताना

पुढील अडचणी मांडणीच्या होत्या. पोर्ट ४४३ आधीच व्यापलेले असल्याचा संदेश आला, कारण जुन्या अपाचीच्या मुख्य फाइलमधील लिसन (कोणत्या पोर्टवर ऐकावे ते सांगणारा निर्देश) बदलला असला तरी पॅकेजच्या एसएसएल डॉट कॉन्फमध्ये स्वतंत्र ‘लिसन ४४३’ असतो. ती फाइल काढून टाकू नये. मॉड्यूलचे पॅकेज अद्ययावत झाले की ती परत येते. तिच्यातील ओळी टिप्पणीत टाकून फाइल जागेवर ठेवावी. जुना अपाची फक्त १२७.०.०.१ या यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावर, ८०८० पोर्टला ठेवला.

सिस्टमडीची त्रुटी अधिक चकवणारी होती. जुन्या पॅकेजची युनिट फाइल (सेवा कशी सुरू करावी ते सांगणारी) नक्कल करून तिच्यात नवा मार्ग घातलेला होता. सेवा सुरू करताच संकेतस्थळ उघडत होते, प्रवेशाचे पान दिसत होते, आणि सुमारे दीड मिनिटाने सारे बंद होत होते. अपाचीच्या लॉगमध्ये कोणतीही त्रुटी नव्हती, नुसती बंद होण्याची नोंद होती. त्या युनिटमध्ये सेवेचा प्रकार ‘नोटिफाय’ होता : सेवा स्वतः ‘मी तयार आहे’ असे कळवेपर्यंत सिस्टमडी थांबतो आणि ९० सेकंदांत निरोप आला नाही तर ती बंद करतो. असा निरोप देणारे मॉड-सिस्टमडी अपाचीच्या मूळ सोर्समध्ये २.४.४२ पासून आहे, पण त्यासाठी सिस्टमडीच्या हेडर फाइल्स यंत्रावर असाव्या लागतात, आणि त्या नव्हत्या. येथेही कॉन्फिगरने काही न दिसल्यामुळे काही बांधले नव्हते आणि त्याची तक्रारही केली नव्हती. हेडर्स बसवून, नव्याने बांधून, मॉड्यूल लोड करण्याची ओळ सुरू केल्यावर सेवा स्थिर झाली.

एसई-लिनक्स या प्रक्रियांवर बंधने घालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने सुरुवातीस काहीच अडवले नाही, आणि त्यामुळेच तिकडे लक्ष दिले. प्रक्रियांची लेबले पाहिली तेव्हा नवा अपाची ‘अनकन्फाइन्ड सर्व्हिस’ म्हणून, म्हणजे कोणत्याही बंधनाशिवाय, चालत असल्याचे दिसले. ऑप्टमधील फाइलला अपाचीचे लेबल आपोआप मिळत नाही. सुरक्षा वाढवण्यासाठी पुढे ठेवलेला सर्व्हर मागच्या सर्व्हरपेक्षा मोकळा असणे योग्य नव्हते, म्हणून एक्झिक्युटेबल, मॉड्यूल, मांडणी आणि लॉग या चारही जागांना सीमॅनेजने योग्य लेबले दिली व रिस्टोअरकॉनने ती लागू केली. मग अपेक्षेप्रमाणे प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या मागच्या अपाचीकडे पोहोचवण्याची सोय, अडली : ८०८० ला जोडणी करताना ‘परमिशन डिनाइड’ आणि ब्राउझरमध्ये ५०३, म्हणजे सेवा उपलब्ध नसल्याची त्रुटी. अपाचीला नेटवर्क जोडणीची मुभा देणारे बूलियन (चालू-बंद पर्याय) कायमस्वरूपी सुरू केल्यावर ते सुटले. एसई-लिनक्सच बंद करून टाकण्याची सूचना या टप्प्यावर आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही.

शेवटी लॉगिनच्या पानावर ब्राउझर स्वतःभोवतीच फिरू लागला. मागच्या ॲप्लिकेशनला विनंती साध्या एचटीटीपीवरून येताना दिसत होती, म्हणून ते प्रत्येक वेळी एचटीटीपीएसकडे पाठवत होते. मूळ जोडणी कोणत्या प्रोटोकॉलवर झाली हे सांगणारा विनंतीचा हेडर प्रॉक्सीवर घातला आणि ॲप्लिकेशनच्या मांडणीत तो वाचण्याची सोय केली.

हस्तांतरण

संस्थेला जे कागद दिले त्यांत कॉन्फिग डॉट नाइस, ओपनएसएसएलची कॉन्फिगर आज्ञा, उतरवलेल्या प्रत्येक टारबॉलची आवृत्ती व चेकसम, आणि मॉड्यूलवरील एलडीडीचे उत्तर यांचा समावेश होता. सोर्सपासून बांधलेल्या सर्व्हरला यम अपडेट दुरुस्त करत नाही, म्हणून अपाची आणि ओपनएसएसएल या दोन्ही प्रकल्पांच्या सुरक्षा-घोषणा वाचण्याची जबाबदारी विभागातील एका व्यक्तीकडे लेखी सोपवण्यात आली. ओपनएसएसएलची ३.० मधीलच नवी दुरुस्ती आली तर अपाची पुन्हा कंपाइल करण्याची गरज नसते. ग्रंथालय बदलून सेवा पूर्ण थांबवावी आणि नव्याने सुरू करावी, आणि लॉगच्या पहिल्या ओळींत ओपनएसएसएलचा जो आकडा छापला जातो तो वाचावा. आता लोड झालेली आवृत्ती मॉड्यूल बांधताना असलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी असेल तर एसएसएलचे मॉड्यूल तेथे इशाराही देते.

ॲप्लिकेशनच्या स्थलांतरासाठी अल्मालिनक्स ९ निवडण्यात आले. त्याच्या पॅकेजमधील अपाची ओपनएसएसएल ३ वरच बांधलेला असल्याने तेथे टीएलएस १.३ साठी काहीही कंपाइल करावे लागत नाही, आणि ऑप्टमधील बांधणी नव्या यंत्रावर न्यायची नाही, असे हस्तांतरणाच्या टिपणात लिहून ठेवले आहे.